गाण्याचा गट नंबर: आयएसआरसी, आयएसडब्ल्यूसी आणि तो रिकामा चौकोन

गाणं झालं, मिक्सिंग झालं, मुखपृष्ठाचं चित्रही झालं. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणं ऐकण्याच्या अ‍ॅपांवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, संकेतस्थळावर अपलोड करायला बसलं की एक रिकामा चौकोन समोर येतो: आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तुमच्याकडे असेल तर भरा, नसेल तर आम्ही देऊ. बहुतेक जण तो तसाच सोडून पुढे जातात. मीही गेलो होतो, आणि पहिल्या वेळी त्यात काही बिघडलं नाही. बिघडलं दोन वर्षांनी, डिस्ट्रिब्युटर बदलताना. गाणं तेच, फाइल तीच, फक्त खातं नवं. मी चौकोन पुन्हा रिकामा सोडला. नव्या मंडळींनी नवा नंबर दिला आणि दोन वर्षांत जमलेली ऐकणाऱ्यांची मोजणी शून्यावर आली. चार लोकांनी आपापल्या प्लेलिस्टमध्ये घातलेलं गाणं तिथून गळलं. जुना नंबर भरला असता, फाइल आणि नावं तीच ठेवली असती, तर बहुधा आकडे शाबूत राहिले असते.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी मित्र गाणं मास्टर करायला घेऊन आला, की मी त्याला चहाबरोबर एक कागद देतो. हा लेख म्हणजे त्या कागदाचा विस्तार आहे. एक सूचना आधीच: हे सगळे कोड प्रत्यक्षात रोमन लिपीतली अक्षरं आणि आकडे यांचे असतात. इथे मी ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय.

आधी गाण्याचे दोन भाग करा

हे समजलं नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. आपण ‘गाणं’ म्हणतो तेव्हा कागदोपत्री दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे रचना: शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण: अमुक दिवशी अमुक गळ्यातून आलेला, टेपवर किंवा हार्ड डिस्कवर उतरलेला आवाज.

‘संगीत मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आलं. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्यातली पदं त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली आणि रेकॉर्डवर, कॅसेटवर, सीडीवर, आता फोनवर येत राहिली. पद एक, रेकॉर्डिंग अनेक. उद्या तुम्ही त्यातलं एखादं पद गायलात तर तुमचं रेकॉर्डिंग नवं असेल, रचना तीच शंभर वर्षांपूर्वीची. म्हणून रेकॉर्डिंगला एक नंबर लागतो आणि रचनेला दुसरा. रेकॉर्डिंगचा तो आयएसआरसी, रचनेचा तो आयएसडब्ल्यूसी. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात, पैसे वेगळ्या वाटांनी येतात आणि नोंदणीही वेगळ्या दारांत होते.

नंबर नव्हते तेव्हा काय करायचे? नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग यंत्रं घेऊन कोलकात्यात गाणी मुद्रित करत होता. मुद्रणं जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे तबकड्या निघायच्या. तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कोणाचं हे कळणार कसं? म्हणून गायिका गौहर जान गाणं संपताना इंग्रजीत ठणकावून सांगायची, ‘माय नेम इज गौहर जान’. आज आपल्याला त्यात ठसका ऐकू येतो, पण मुळात ती लेबल लावणाऱ्यासाठी दिलेली माहिती होती. आपला आयएसआरसी तेच काम करतो, फक्त कानाला ऐकू येत नाही.

गावाकडच्या लोकांना मी हे सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो. कोड म्हणजे गट नंबर. जमीन विकली, वाटण्या झाल्या, तरी फेरफार होऊन उताऱ्यावरची नावं बदलतात, गट नंबर तोच राहतो. रेकॉर्डिंगचे हक्क एका कंपनीने दुसरीला विकले तरी आयएसआरसी बदलत नाही. आणि नुसता गट नंबर पाठ असला म्हणून जमीन आपली होत नाही, तसा आयएसआरसी मिळाला म्हणजे कॉपीराइट सिद्ध झाला असंही नाही. हा गैरसमज मी फार पाहिलाय.

आयएसआरसी वाचायला शिका

बारा अक्षरांचा कोड. समजा, आयएन-एक्सवायझेड-२५-०००४१. (हा काल्पनिक आहे, शोधायला जाऊ नका.) पहिली दोन अक्षरं मूळ योजनेत देशाची होती, भारतासाठी ‘आयएन’. पुढची तीन अक्षरं नोंदणीधारकाची, म्हणजे ज्या कंपनीला किंवा माणसाला कोड द्यायचा अधिकार मिळालाय त्याची, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे, आणि शेवटी पाच आकडी अनुक्रमांक. म्हणजे एका नोंदणीधारकाला एका वर्षात एक लाख रेकॉर्डिंगपर्यंत जागा आहे. आपल्याला पुरावी! मधल्या आडव्या रेघा फक्त वाचायच्या सोयीसाठी असतात, चौकोनात भरताना त्या सहसा गाळायच्या.

दोन गोष्टींवर लोक हमखास घसरतात. पहिली, वर्ष. ते गाणं रेकॉर्ड झाल्याचं वर्ष नसून कोड दिल्याचं वर्ष आहे. आजोबांच्या काळातल्या रेकॉर्डिंगला २०२५ मध्ये पहिल्यांदा कोड दिला तर त्यात २५ च येईल. दुसरी, देशाची अक्षरं. मराठी गायकाच्या मराठी गाण्याला ‘क्यूझेड’ने सुरू होणारा नंबर आला की तो घाबरतो. अमेरिकेला ‘यूएस’ पुरेना, म्हणून ‘क्यूएम’, ‘क्यूझेड’ वगैरे जोड्या दिल्या गेल्या. बरेच परदेशी डिस्ट्रिब्युटर आपल्याच साठ्यातून कोड वाटतात. त्यामुळे गाणं अमेरिकेचं होत नाही आणि हक्कही तिकडे जात नाहीत. २०१९ च्या सुधारित मानकात तर पहिली पाच अक्षरं मिळून एकच उपसर्ग धरलाय, त्यावरून देश ओळखायला जाऊच नये.

मानकाचं नाव आयएसओ ३९०१. पहिल्यांदा ते १९८६ मध्ये आलं. जगभरची व्यवस्था आयएफपीआय ही ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना पाहते आणि भारतात हे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री म्हणजे आयएमआय करते.

नवा नंबर कधी, जुनाच कधी

कागदावर मी इथे सगळ्यात जास्त शाई खर्च केलीय, कारण चुका इथेच होतात.

ऐकणाऱ्याला वेगळं ऐकू येईल असा बदल झाला, तर नवा नंबर. रीमिक्स, लाइव्ह कार्यक्रमातली आवृत्ती, अनप्लग्ड, रेडिओसाठी कापलेली छोटी आवृत्ती, नुसतं वाद्यसंगीत, कराओके ट्रॅक, तेच गाणं पुन्हा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग, हिंदी किंवा कोकणी शब्दांत केलेली आवृत्ती, शिवी झाकून केलेली सोवळी आवृत्ती: प्रत्येकाला स्वतःचा. स्टिरिओ आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस मिक्स वेगळे धरतात. म्युझिक व्हिडिओलाही ऑडिओचा नंबर चालत नाही, त्याचा आयएसआरसी वेगळा. जुनं रेकॉर्डिंग नव्याने, मेहनत घेऊन रीमास्टर केलं असेल तर त्यालाही नवा.

बदल फक्त डब्याचा असेल, तर जुनाच नंबर. वेव्हची एमपी३ केली, सिंगल म्हणून आलेलं गाणं नंतर अल्बममध्ये घातलं, गणेशोत्सवाच्या संकलनात घातलं, डिस्ट्रिब्युटर बदलला, हक्क विकले, मुखपृष्ठ बदललं, तरी नंबर तोच. यातलं ‘सिंगल नंतर अल्बममध्ये’ हे प्रकरण विशेष लक्षात ठेवा. अपलोड करताना प्रणाली ते नवं गाणं समजून नवा नंबर द्यायला तयारच बसलेली असते. मग एकाच रेकॉर्डिंगचे दोन नंबर होतात, ऐकणाऱ्यांची मोजणी दोन खात्यांत फुटते आणि तुमचं गाणं तुमच्याच गाण्याशी स्पर्धा करतं.

आणि एकदा दिलेला नंबर पुन्हा वापरायचा नाही. गाणं रद्द झालं, कधी प्रसिद्धच झालं नाही, तरीही नाही. वहीत तो नंबर खोडलेला दिसू दे, पण दुसऱ्याला देऊ नका.

नंबर घ्यायचा कुठून

वर्षाला दोन-तीन गाणी करणार असाल तर डिस्ट्रिब्युटरचा घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त तो मिळाल्या दिवशी लिहून ठेवा. हे मोठं काम नाही, पण कुणी करत नाही. मग खातं बंद पडतं, वर्गणी भरायची राहते, आणि नंबर शोधायला लोक स्वतःच्याच गाण्याचे स्क्रीनशॉट धुंडाळत बसतात.

स्वतःचं छोटं लेबल असेल, इतरांची गाणी काढत असाल किंवा जुन्या संग्रहाचं काम हाती असेल, तर आयएमआयकडे स्वतःच्या नोंदणीधारक कोडसाठी अर्ज करा. तो मिळाला की पुढचे अनुक्रमांक तुम्हीच द्यायचे. इथे हुशारी करू नका. काही जण अनुक्रमांकात अर्थ भरतात: पहिला आकडा अल्बमचा, दुसरा भाषेचा. तिसऱ्या वर्षी ती योजना कोसळते. एक, दोन, तीन असं सरळ चालत जा. आणि वही एकच ठेवा. दोन भागीदारांनी आपापल्या लॅपटॉपवर दोन एक्सेल फाइल चालवल्या, तर कधी ना कधी एकच नंबर दोन गाण्यांना जातो.

नंबर लिहिताना चूक झाली तरीही कोड स्वतः काही बोलणार नाही. आयएसआरसीमध्ये चूक पकडणारा तपासणीचा आकडा नसतो. एक अंक चुकला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्याचा वैध नंबर ठरू शकतो. म्हणून तो हाताने टाइप करू नका, कॉपी करून चिकटवा. नोंदणीधारकाच्या तीन अक्षरांत रोमन ‘ओ’ आहे की शून्य, हे दोनदा बघा. शेवटच्या सात जागी मात्र अंकच असतात, तिथे गोल दिसलं की ते शून्यच.

मास्टर फाइलमध्ये हा नंबर घालता येतो. सीडीच्या काळात तो तबकडीच्या उपसंकेतांत बसवायचे. आज ब्रॉडकास्ट वेव्ह फाइलमध्ये आणि एमपी३ च्या टॅगमध्ये त्यासाठी जागा आहे. मास्टरिंग करणाऱ्याला आधी सांगितलं तर तो पाच मिनिटांत घालून देतो. रेडिओ केंद्राला फाइल पाठवणार असाल तर हे जरूर करा. एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा: यूट्यूब वगैरे ठिकाणी गाणं आपोआप ओळखलं जातं ते आवाजाच्या ठशावरून, आयएसआरसीवरून नव्हे. आयएसआरसी ही दारावरची पाटी आहे, बोटाचा ठसा नाही.

रचनेचा नंबर: आयएसडब्ल्यूसी

हा नंबर स्वतःला स्वतः देता येत नाही. तो गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून येतो, भारतात मुख्यतः आयपीआरएसकडून. १९६९ मध्ये स्थापन झालेली ही इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी मुंबईत आहे. जगभरच्या अशा संस्थांची शिखर संघटना सिसॅक, आणि आयएसडब्ल्यूसीची जागतिक व्यवस्था तीच पाहते.

कोड दिसतो असा: टी-०३४.५२४.६८०-१. सुरुवातीला ‘टी’, मग नऊ अंक, शेवटी एक तपासणीचा अंक. आयएसआरसीमध्ये निदान कोणी आणि केव्हा दिला याचा थोडा माग असतो. इथे तेही नाही, नंबर मुका आहे. देश नाही, वर्ष नाही, भाषा नाही. पण शेवटचा अंक मोठा कामाचा. घरच्या घरी तपासून बघा. नऊ अंकांना क्रमाने १ ते ९ ने गुणायचं: ० एके ०, ३ दुणे ६, ४ त्रिक १२, ५ चोक २०, २ पाचे १०, ४ सक २४, ६ साते ४२, ८ आठे ६४, शेवटचा शून्य. बेरीज १७८. त्यात १ मिळवा, १७९. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे १८० ला, किती कमी पडतात? १. तोच शेवटचा अंक. आता टाइप करताना ६ आणि ८ ची अदलाबदल झाली समजा. गणित १७७ वर येतं, शेवटी ३ हवा होता, आहे १. चूक तिथल्या तिथे पकडली गेली. बँकेच्या फॉर्मवर नंबर चुकला की प्रणाली लाल अक्षरं दाखवते, त्यामागे याच जातीचं गणित असतं. जगातला पहिला आयएसडब्ल्यूसी १९९५ मध्ये अ‍ॅबाच्या ‘डान्सिंग क्वीन’ला मिळाला: टी-०००.०००.००१-०. त्यावरही हे गणित करून बघा, बरोबर येतं.

हा नंबर मिळायला किमान काय लागतं? रचनेचं शीर्षक, तिच्या सगळ्या निर्मात्यांची ओळख, आणि कोणाचा वाटा कशाचा: शब्द, चाल की वाद्यसंयोजन. ‘सगळ्या’ या शब्दावर जोर आहे. आणि ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे, आयपीआय नंबर.

आयपीआय हा माणसाचा नंबर. गीतकार, संगीतकार किंवा प्रकाशक आयपीआरएससारख्या संस्थेचा सभासद झाला की त्याला तो मिळतो. याची मध्यवर्ती यादी स्वित्झर्लंडमधली सुइसा ही संस्था सांभाळते. यातली मला सगळ्यात आवडलेली सोय अशी, की एका माणसाच्या अनेक नावांना वेगवेगळे नाम-क्रमांक मिळतात, पण ते सगळे एकाच मूळ क्रमांकाला बांधलेले राहतात. टोपणनावाने कविता लिहिणारे, लग्नानंतर आडनाव बदललेल्या किंवा मुद्दाम न बदललेल्या बायका, वडिलांचं नाव मध्ये घालणारे आणि गाळणारे, या सगळ्यांना हे उपयोगी आहे. आपल्याकडे एकाच माणसाची तीन नावं चालतात, संगणकाला ती तीन माणसं वाटतात.

रिलीजच्या आधी एक बैठक

आता प्रत्यक्ष क्रम. गाणं पूर्ण झालं, अजून अपलोड केलेलं नाही, त्या मधल्या आठवड्यात गीतकार, संगीतकार, संयोजक आणि पैसे घालणारा यांना एकत्र बसवा. फोनवर नको. कागदावर लिहा: शीर्षक, पर्यायी शीर्षक, कोणाचे शब्द, कोणाची चाल, कोणाचा किती टक्के वाटा, प्रत्येकाचा आयपीआय. बेरीज शंभर झाली पाहिजे. खाली सगळ्यांच्या सह्या. याला स्प्लिट शीट म्हणतात. मैत्रीत कागद कशाला, असं कोणीतरी म्हणतंच. गाणं चाललं नाही तर कागदाची गरज पडत नाही. चाललं तर त्याच मित्राला सहा महिन्यांनी आठवतं की अंतऱ्याची दुसरी ओळ आपण सुचवली होती.

या बैठकीत हमखास अडतो तो गीतकार. संगीतकार बहुधा सभासद असतो, पण शब्द देणारा कवी, म्हणजे कुठल्या तरी कॉलेजात शिकवणारा आपला दोस्त, कुठल्याच संस्थेचा सभासद नसतो. मग त्याचा आयपीआय नाही, त्याच्या वाट्याची नोंद अर्धवट आणि रक्कम कुणाच्या खात्यात घालायची हे संस्थेला कळत नाही. त्याला सभासद व्हायला लावा. अर्ज, पॅन कार्ड, ओळखपत्र, बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि प्रसिद्ध झालेल्या कामाचा तपशील, एवढी तयारी ठेवली की काम पुढे सरकतं. सभासद होताना काही हक्क संस्थेकडे सोपवावे लागतात, तो करार वाचून मगच सही करा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा समान वाटा दिलाय आणि तो कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. ‘एकरकमी घ्या आणि विसरा’ हा जुना व्यवहार त्यामुळे आता तसा राहिलेला नाही. कवी हयात नसेल, तर वारसही सभासद होऊ शकतात.

संतांच्या अभंगाला नवी चाल लावली तर? तुकोबांच्या शब्दांवर आता कुणाचा कॉपीराइट नाही. गीतकाराच्या जागी ‘सार्वजनिक’ अशी खूण करायची सोय असते, तुम्ही फक्त चालीची नोंद करायची. शब्दांच्या जागी स्वतःचं नाव घालणारे महाभाग आहेत. त्यांना विठ्ठल पाहून घेईल, पण प्रणालीही कधी ना कधी पकडते.

‘मानापमाना’कडे परत जाऊ. आपल्या कायद्यात रचनेचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे पदांच्या शब्दांवरचा हक्क २००८ अखेर संपला. टेंबे १९५५ मध्ये गेले, चालींवरचा २०१५ अखेर. म्हणून आज ते पद कोणीही गाऊन रेकॉर्ड करू शकतं. त्या रेकॉर्डिंगला नवा आयएसआरसी मिळेल, आणि तुम्ही नवं वाद्यसंयोजन बांधलं असेल तर संयोजक म्हणून त्याची नोंद करता येईल. पण दुसऱ्या कुणाचं जुनं रेकॉर्डिंग उचलून वापरता येईल का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांचा. १९६० मध्ये आलेली रेकॉर्ड २०२० अखेर मोकळी झाली, १९८० ची झालेली नाही. दोन वस्तू, दोन घड्याळं.

भाषांतराबद्दल एक ओळ: हिंदी गाण्याचे मराठी शब्द केले तर मूळ रचनेचा नंबर चालत नाही. ती मुळावर आधारलेली नवी रचना, तिला नवा आयएसडब्ल्यूसी. आणि अर्थातच मूळ मालकाची परवानगी.

डब्याचा नंबर

यूपीसी किंवा ईएएन म्हणजे दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर असतो तोच बारकोड. तो अल्बमचा, ईपीचा (म्हणजे छोट्या अल्बमचा), सिंगलचा. एकच गाणं असलेल्या सिंगललाही लागतो. डिस्ट्रिब्युटर देतो. गाणं आत, बारकोड डब्यावर. एवढं पुरे.

शीर्षक लिहिताना मराठी अडचणी

‘पाऊस’ रोमनमध्ये कसा लिहायचा? ‘पी’नंतर एक ‘ए’ की दोन? शेवटी ‘यू’ की दोन ‘ओ’? ‘ळ’साठी कुणी ‘एल’ लिहितो, कुणी ‘झेड’ला शेजारी बसवतो. माझ्या एका गाण्याचं शीर्षक तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी नोंदलेलं निघालं, तिन्ही वेळा लिहिणारा मीच. आता मी नियम केलाय. देवनागरी शीर्षक हे मुख्य, एक रोमन रूप ठरवायचं आणि तेच सगळीकडे, बाकीची शक्य रूपं पर्यायी शीर्षक म्हणून नोंदवायची. नुक्ता, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ बैठकीतच ठरवायचे. भाषेच्या यादीत मराठी निवडायला विसरू नका. देवनागरी दिसली की काही फॉर्म आपोआप हिंदी धरतात. कोकणी गाणं करणाऱ्यांनी तर दोनदा बघावं, कारण लिपी रोमन असली की ते भलतीकडेच जातं.

गायकाच्या नावाचंही तेच. एकाच नावाचे दोन कलाकार प्लॅटफॉर्मवर एकाच पानावर येतात, मग भजनाच्या शेजारी कुणाचं तरी रॅप. इथे आयएसएनआय उपयोगी पडतो. तो सोळा आकडी नंबर सार्वजनिक ओळख असलेल्या कोणाही निर्मात्याला मिळू शकतो, गायक असो की लेखक. वादक आणि गायकांच्या हक्कांसाठी भारतात इसम्रा ही वेगळी संस्था आहे. रचनेच्या पैशांशी तिची गल्लत करू नका.

जोडणी

दोन नंबर मिळाले, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत. पैसे अडकतात ते नेमके इथे. प्लॅटफॉर्म हिशोब पाठवतो तेव्हा त्यात आयएसआरसी आणि किती वेळा ऐकलं गेलं ते असतं. गीतकार-संगीतकाराची संस्था ओळखते ती रचना. या रेकॉर्डिंगमध्ये कोणती रचना आहे, हे कोणीतरी सांगितलेलं असावं लागतं. नसेल तर ती रक्कम ‘न जुळलेली’ म्हणून बाजूला पडते.

ती किती साचू शकते याचा अंदाज अमेरिकेत आला. तिथे २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह नावाची, रचनांची स्ट्रीमिंगची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था उभी राहिली आणि जानेवारी २०२१ पासून कामाला लागली. स्ट्रीमिंग कंपन्यांकडे साचलेली, मालक न सापडलेली रॉयल्टी फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्याकडे आली: सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर. यात नामवंतांचे पैसे नव्हते असंही नाही, नोंद जुळली नव्हती एवढंच. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसाने गाडी चालवताना तुमचं गाणं लावलं, तर रचनेच्या बाजूच्या पैशांचा एक भाग याच वाटेने फिरतो. या संस्थेची रचनांची यादी कोणालाही शोधता येते. आपलं शीर्षक टाकून बघा.

म्हणून रचनेची नोंद करताना, जिथे जागा दिली असेल तिथे, रेकॉर्डिंगचे आयएसआरसी भरा. एकापेक्षा जास्त असतील तर सगळे. जोडी नेहमी एकास एक नसते हे ध्यानात घ्या: एका रचनेची दहा रेकॉर्डिंग असतील, तर एका मेडलीमध्ये चार रचना. चार नाट्यपदांची मालिका एकाच ट्रॅकमध्ये गायलात तर आयएसआरसी एक, पण चारही रचनांची नावं नोंदवावी लागतात. नाहीतर पहिल्या पदाचा कर्ता सगळं घेऊन जातो.

तीन महिन्यांनी तपासा

रिलीजनंतर लगेच बघून उपयोग नाही, नोंदी सरकायला वेळ लागतो. साधारण तीन महिन्यांनी आयएफपीआयच्या आयएसआरसी शोधपानावर नाव टाकून रेकॉर्डिंग दिसतं का पाहा. सिसॅकच्या आयएसडब्ल्यूसी नेटवर रचना शोधा. आयएसडब्ल्यूसी दिसला तर त्याखालची नावं वाचा, सगळी आहेत का? एकाच रचनेचे दोन आयएसडब्ल्यूसी निघाले, तर बहुधा दोन सहकाऱ्यांनी दोन तऱ्हेने नोंद केलेली असते. संस्थेला लिहून त्या एकत्र करून घ्या. पत्रात दोन्ही नंबर, स्प्लिट शीटची प्रत आणि एकच मुद्दा असू द्या. सोबत दुसऱ्या गाण्याची तक्रार जोडली की दोन्ही रेंगाळतात.

माझ्या त्या जुन्या गाण्याचं म्हणाल, तर मी नव्या डिस्ट्रिब्युटरकडून ते काढलं आणि जुना नंबर भरून पुन्हा चढवलं. जुना नंबर सापडला तो पहिल्या रिलीजच्या वेळी आलेल्या एका ई-मेलमध्ये, जाहिरातींच्या कप्प्यात. हल्ली प्रत्येक मास्टर फाइलच्या नावातच मी आयएसआरसी घालतो आणि तेच नाव हार्ड डिस्कच्या खोक्यावर स्केच पेनने लिहितो.